उभी गाडी काय करते?

रस्त्यावर माणूस मेला की आपण आधी विचारतो, धडक कोणी दिली? ट्रकने की कारने? वेग किती होता, ड्रायव्हर प्यायला होता का, गाडीवरच्याने हेल्मेट घातलं होतं का? चालत्या गाड्यांची अशी सगळी उलटतपासणी होते. पण त्या वेळी कडेला जी गाडी उभी होती, जिच्यामुळे पायी चालणारा फूटपाथवरून खाली उतरला किंवा वळणावरून येणारी स्कूटर कोणाला दिसली नाही, तिला कोणी काही विचारत नाही. ती तर नुसती उभी होती. उभं राहण्यात कसला गुन्हा?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय, कारण मी राहते तिथे उभ्या गाड्यांना तोटा नाही. पुण्यात मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, बिबवेवाडीच्या बाजूला माझं घर आहे. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पार्किंगवरून आठवड्याला एक तरी भांडण होतं, आणि प्रत्येक भांडण एकाच वाक्यावर येऊन अडतं: ‘जागाच नाही, मग गाडी लावायची कुठे?’ वाक्य खरं आहे. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न आपण सोडूनच देतो. रस्त्यावर गाडी लावतो तेव्हा आपण नेमकं काय करत असतो? काहीच करत नसतो, की कोणाचं तरी काहीतरी घेत असतो?

एक रस्ता, दोन घड्याळं

मार्केट यार्ड न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. गुलटेकडीचा हा घाऊक बाजार म्हणजे पुण्याचं कोठार. भाजीपाला, फळं, कांदा-बटाटा, फुलं, गूळ, भुसार, सगळं इथे येतं आणि इथून शहरभर पसरतं. पूर्वी हा व्यापार मंडई, भवानी पेठ, नाना पेठ अशा जुन्या भागांत चालायचा. तिथल्या गल्ल्यांत गर्दी मावेना, म्हणून तो तेव्हाच्या शहराच्या कडेला आणला गेला. मग शहरच त्याच्याभोवती वाढलं. आज एका अंगाला सातारा रस्ता, दुसऱ्या अंगाला गंगाधाम चौक, मधून जाणारा शिवनेरी रस्ता, आणि चहूबाजूंनी सोसायट्या, शाळा, मंगल कार्यालयं, आंबेडकरनगरसारख्या वस्त्या. ज्या गर्दीपासून बाजार पळाला, ती त्याच्यामागून इथे आली.

त्यामुळे इथल्या रस्त्यांवर दोन घड्याळं चालतात. बाजाराचं घड्याळ रात्री सुरू होतं. गावोगावचे टेम्पो, पिकअप, ट्रक अंधारात येऊन लागतात, हमाल माल उतरवतात, पहाटे आडत्यांच्या गाळ्यांवर सौदे होतात. भाजीबाजाराला शनिवारी सुट्टी, रविवारी सगळ्यात मोठी आवक. दसऱ्याच्या आधी झेंडूने भरलेल्या गाड्या, एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या. वस्तीचं घड्याळ सकाळी सातनंतर सुरू होतं: स्कूलबस, ऑफिसला निघालेल्या स्कूटर, क्लासची मुलं, कामावर चाललेल्या बायका. पहिलं घड्याळ अजून थांबलेलं नसतं तोवर दुसरं सुरू झालेलं असतं, आणि दोघांना मिळून रस्ता एकच. त्या रस्त्याच्या दोन्ही कडा गाड्यांनी भरलेल्या.

दिसणं आणि चालणं

उभी गाडी रस्त्यावरच्या माणसाकडून दोन गोष्टी घेते. एक, पाय ठेवायची जागा. दोन, नजर.

पायांचं सगळ्यांना कळतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. म्हणजे समोरासमोर दोन माणसं, किंवा एक व्हीलचेअर आणि तिच्या शेजारून एक माणूस. दोन चाकं फूटपाथवर चढवून लावलेली एक कार ही रुंदी सहज खाऊन टाकते. मग डोक्यावर पाटी घेतलेली बाई खाली उतरते, गाडीला वळसा घालते आणि पुन्हा वर चढते. तीन वेळा असं झालं की चौथ्यांदा ती वर चढतच नाही, सरळ रस्त्यावरून चालते. मागून येणारा हॉर्न वाजवतो आणि मनात म्हणतो, ‘यांना फूटपाथ दिलाय तरी रस्त्यावरूनच चालणार.’

नजरेचं मात्र चटकन लक्षात येत नाही. चौकाच्या तोंडाशी एक ट्रक उभा आहे असं समजा. ट्रकची रुंदी साधारण अडीच मीटर. त्याच्यामागून रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला येणारी गाडी दिसायची असेल, तर आधी त्याला ट्रकच्या बाहेरच्या कडेपर्यंत, म्हणजे अडीच मीटर रस्त्यात यावं लागतं. तोवर त्याला काही दिसत नाही आणि तोही कोणाला दिसत नाही. आता येणाऱ्या गाडीचा हिशेब करा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. समोर मूल दिसणं, मेंदूने ते ओळखणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात साधारण एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात गाडी पीएमपीच्या लांब बसपेक्षा जास्त अंतर कापते, आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नसतो. वेग ३० असता तर हेच अंतर सव्वाआठ मीटर झालं असतं. या सेकंदात ड्रायव्हर शुद्धीवर असला, त्याच्याकडे लायसन्स असलं, गाडीचं पीयूसी झालेलं असलं, तरी काही फरक पडत नाही. निकाल ट्रक तिथे लावला तेव्हाच अर्धा लागलेला असतो.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली जवळपास ३३ हजार पायी चालणारी होती. उभ्या वाहनावर आदळून होणाऱ्या अपघातांचा या अहवालात वेगळा रकाना असतो. पण ज्या अपघातात उभ्या गाडीने फक्त नजर अडवली किंवा माणसाला रस्त्यावर ढकललं, त्याचा रकाना नसतो. तो मृत्यू ‘धडक देणाऱ्या’च्या नावावर जातो. उभी गाडी संध्याकाळी घरी जाते.

‘माझ्या एकट्याने काय होतंय?’

आता नीतीच्या प्रश्नाकडे येऊ. गाडी लावणाऱ्याला हटकलं की तो सहसा हेच म्हणतो: ‘अहो, इथे आधीच वीस गाड्या आहेत. मी माझी काढली तर काय फरक पडणार आहे?’ हे वाक्य उडवून लावू नका, कारण ते बहुतेक वेळा खरं असतं. वीस गाड्यांमधली एक काढली तरी ती पाटीवाली बाई रस्त्यावरूनच चालणार आहे. एकविसावी आली तरी तेच. प्रत्येक मालकाने शपथेवर सांगितलं की ‘माझ्या गाडीने काही बिघडलं नाही’, तर वीसही शपथा खऱ्या ठरतील. तरी बाई रस्त्यावर आहेच. मग तिला रस्त्यावर कोणी आणलं?

डेरेक पार्फिट नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९८४ सालच्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात हाच पेच मांडलाय. त्याचं उदाहरण भीषण आहे. एक हजार माणसं यातना भोगतायत. एक हजार छळ करणारे समोर बसलेत. प्रत्येकाने एकेक बटण दाबायचं. एका बटणाने प्रत्येक बळीची यातना इतकी किंचित वाढते की सोसणाऱ्याला ती वाढ जाणवतही नाही. हजार बटणं दाबून झाल्यावर मात्र ती असह्य होते. प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्या बटणाने कोणाला काही जाणवलं नाही. पार्फिटचं म्हणणं असं, की ‘माझ्या कृतीने एकट्याने काय झालं’ एवढंच विचारणं हे चुकीचं गणित आहे. ज्या कृतींनी मिळून इजा होते त्यांच्यात माझी कृती आहे का, हेही विचारायला हवं. असेल, तर त्या इजेत माझा वाटा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. असं म्हणत गेलो तर शहरात जगणंच पाप ठरेल. मी श्वास घेते त्याने हवा बिघडते, लिफ्ट वापरते त्याने वीज जाते. सगळ्याचा हिशेब कोण ठेवणार? मान्य. म्हणूनच मला उभ्या गाड्यांमध्ये एक फरक करावासा वाटतो. फूटपाथच्या कडेने लागलेल्या रांगेतली गाडी पार्फिटच्या बटणासारखी असते. तिथे दोष वाटला जातो. चौकाच्या तोंडाशी, वळणावर, शाळेच्या फाटकाजवळ किंवा झेब्रा क्रॉसिंगवर लावलेली गाडी तशी नसते. नजर अडवायला तिथे एकच गाडी पुरते. वीस लागत नाहीत. तिथे लावणाऱ्याला ‘माझ्या एकट्याने काय होतंय’ म्हणायची सोय नाही, कारण जे होतंय ते त्याच्या एकट्यानेच होतंय.

कायद्यानेही हा फरक ओळखलाय. २०१७ सालच्या केंद्रीय वाहनचालन नियमांत वळणावर, चौकाजवळ, फूटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर गाडी लावायला मनाई आहे, मग तिथे नो पार्किंगची पाटी असो वा नसो. आपण मात्र पाटी शोधतो. ‘इथे कुठे लिहिलंय?’ असं विचारतो, जणू पाटी लागेपर्यंत कोपऱ्यापलीकडचं दिसतच असतं.

नशिबाचा हिशेब

दुसरं वाक्य याहून लोकप्रिय आहे: ‘इतकी वर्षं इथेच लावतोय, आजवर काही झालं नाही.’

दोन माणसांची कल्पना करा. दोघांनी एकाच रात्री, दोन सारख्याच अंधाऱ्या वळणांवर, पार्किंग लाइट न लावता आपापले टेम्पो उभे केले. दोघेही दमले होते, दोघेही झोपले. पहाटे चारला एका टेम्पोवर मागून स्कूटर आदळते आणि तरुण मुलगा जागीच जातो. दुसऱ्या टेम्पोजवळून रात्रभर कोणी गेलं नाही. सकाळी एकावर गुन्हा दाखल होतो, त्याचं उरलेलं आयुष्य त्या रात्रीभोवती फिरत राहतं. दुसरा चहा पिऊन गावाला जातो. दोघांनी केलं ते मात्र अगदी एकच.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी या कोड्याला ‘मॉरल लक’ म्हणजे नैतिक नशीब हे नाव दिलं. आपण म्हणतो, जे माणसाच्या हातात नाही त्याबद्दल त्याला दोष देऊ नये. प्रत्यक्षात आपण जवळपास सगळा दोष त्यावरूनच ठरवतो. मुलगा मेला तर तो टेम्पोवाला खुनी, नाही मेला तर बिचारा दमलेला माणूस.

मला हे कोडं सोडवता येत नाही, आणि ते ज्यांनी मांडलं त्यांनीही सुटलं असा दावा केला नाही. पण त्यातून एक गोष्ट हाती लागते. दोघांची कृती एकच असेल, तर ज्याच्या गाडीवर कोणी आदळलं नाही त्याचा निर्दोषपणा हा त्याचा गुण नव्हता. तो त्याच्याजवळून न गेलेल्या स्कूटरचा होता. ‘आजवर काही झालं नाही’ हे वाक्य गाडी लावणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. ते फक्त तिथून जाणाऱ्यांबद्दल सांगतं, की आजवर त्यांनी सांभाळून घेतलं. ब्रेक त्यांनी मारला, मुलाचा हात त्यांनी घट्ट धरला. काळजी ते घेत होते आणि आपण ती आपल्या खात्यावर लिहीत होतो.

आपल्या कायद्यानेही बराच काळ हे प्रकरण हलक्यात घेतलं. सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणाऱ्याला १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या २८३व्या कलमात दंड होता जास्तीत जास्त २०० रुपये. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत तो आकडा तसाच होता. आता कलम २८५मध्ये तो ५ हजारांपर्यंत गेलाय. कोणाचा जीव गेला तर कलमं वेगळी लागतात, अर्थात. म्हणजे कायदाही नशिबाचाच हिशेब ठेवतो.

टेम्पोवाल्याची बाजू

इथवर वाचून वाटेल की मी टेम्पोवाल्यांवर तुटून पडणार आहे. तसं नाही. एकदा पुरंदरकडून वाटाणा घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरला मी विचारलं होतं, ‘दादा, अगदी वळणावर कशाला लावलीत?’ तो वैतागला नाही. म्हणाला, ‘ताई, आत नंबर लागेपर्यंत गाडी डोक्यावर धरू का? पुढं लावली तर पोलीस, मागं लावली तर सोसायटीवाले. तुम्हीच सांगा कुठं लावू.’

मला सांगता आलं नाही, कारण सांगण्यासारखी जागा जवळपास नव्हती. नीतिशास्त्रात एक जुनं तत्त्व आहे, कांटच्या नावाने ओळखलं जाणारं: ‘असं करायला हवं’ म्हणताना ‘तसं करता येतं’ हे गृहीत असतं. जे करणं शक्यच नाही त्याची सक्ती करता येत नाही. ‘इथे लावू नका’ म्हणणाऱ्या पाटीने ‘तिथे लावा’ हे सांगितलंच नाही, तर ती पाटी उपदेशही राहत नाही, नियमही राहत नाही. ती फक्त धोका या गल्लीतून त्या गल्लीत ढकलते. शिवनेरी रस्त्यावरून हाकललेला टेम्पो हवेत विरत नाही, तो पुढच्या वस्तीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. तिथल्या लोकांचा कदाचित व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नसतो, म्हणून तिथून तक्रार येत नाही.

वेळेच्या बंदीचंही असंच. शहरांनी हा उपाय फार पूर्वी शोधला. इसवीसनपूर्व पहिल्या शतकात रोमने दिवसाच्या पहिल्या दहा तासांत मालाच्या गाड्यांना शहरात बंदी केली. मंदिरांच्या बांधकामासारखे काही अपवाद सोडले. पादचाऱ्यांना रस्ता मोकळा मिळाला आणि सगळी मालवाहतूक रात्रीवर गेली. पुढे दीडेकशे वर्षांनी जुव्हेनल नावाचा कवी कुरकुरत होता, की रोममध्ये झोपायचं असेल तर पैसा पाहिजे, कारण रात्रभर गाड्यांचा खडखडाट चालतो. दिवस सुरक्षित झाला, त्याची किंमत कोणाच्या तरी रात्रीने चुकवली.

मार्केट यार्डात ही रात्र हमालांची आहे, ड्रायव्हरांची आहे. या माणसांच्या कष्टाला हक्काचं रूप यावं म्हणून डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली; माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला; हमाल भवन याच यार्डात आहे. पाठीवरच्या पोत्याचं वजन किती असावं हासुद्धा नीतीचा प्रश्न आहे, हे या चळवळीने महाराष्ट्राला शिकवलं. पोतं किती किलोचं असावं हे हमालाच्या ताकदीवर सोडायचं नसतं, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं असतं. गाडी कुठे थांबावी हेही मला त्याच जातीचं वाटतं. ते दमलेल्या ड्रायव्हरच्या पहाटे तीनच्या विवेकावर सोडणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर ढकलणं.

गंगाधाम चौक पाहा. आई माता मंदिराकडून या चौकात येणारा रस्ता चांगलाच उताराचा आहे. जून २०२५मध्ये या चौकात ट्रकच्या धडकेत दुचाकीवरच्या एका तरुण बाईचा जीव गेला, आणि जड वाहनांच्या बंदीची चर्चा पुन्हा पेटली. बंदी हवीच. पण उतारावरून खाली येणाऱ्या जड गाडीला पुढे चौकाच्या तोंडाशी थांबलेल्या गाड्या भेटत असतील, तर फक्त चालत्या ट्रकची वेळ बदलून अर्धंच काम होतं.

यातून एक निष्कर्ष मला टाळता येत नाही. टेम्पोवाल्याकडे निवड नव्हती, म्हणून त्याला माफी मिळेल. पण वळणावर अडलेली नजर त्या माफीने मोकळी होत नाही. मुलाला ट्रकमागचं दिसत नाही ते नाहीच. जबाबदारी नाहीशी होत नाही, ती हात बदलते. ज्यांना जागा करून देता आली असती त्यांच्याकडे ती जाते: बाजाराकडे, महापालिकेकडे, आणि तो वाटाणा खाणाऱ्या आपल्याकडे. बाजारभावात गाडीभाडं धरलेलं असतं, हमाली-तोलाई धरलेली असते. गाडी सुरक्षितपणे थांबवण्याचा खर्च मात्र आपण कोणी मोजलेला नसतो. तो पाटीवाली बाई मोजते.

ज्यांच्याकडे निवड आहे

टेम्पोवाल्याचं झालं. आता आमच्यासारख्यांचं बघू, ज्यांच्याकडे निवड असते आणि जे टेम्पोवाल्याचंच वाक्य उसनं घेऊन बोलतात. घरात एक पार्किंग आणि दोन गाड्या; किंवा भुसार बाजारात महिन्याचं वाणसामान भरायला आलेली मोठी कार, ‘पाचच मिनिटं’ म्हणून दुकानासमोर. चालत जायचं अंतर पाच मिनिटांचंच असतं, पण ती पाच मिनिटं आपली असतात आणि ही पाच मिनिटं दुसऱ्यांची.

यामागे एक समजूत आहे: गाडी घेतली म्हणजे ती रस्त्यावर ठेवायचा हक्कही तिच्यासोबत आला. असं सगळीकडे मानत नाहीत. जपानमध्ये १९६२च्या कायद्यापासून गाडी नोंदवताना ती ठेवायची जागा आपल्याकडे आहे हे दाखवावं लागतं. रस्ता ही ती जागा असू शकत नाही. अमेरिकेत डोनाल्ड शूप या प्राध्यापकाने २००५ साली फुकट पार्किंगच्या किमतीवर सातशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं सोपं होतं: फुकट पार्किंग कधी फुकट नसतं, त्याचे पैसे ज्यांच्याकडे गाडी नाही तेही भरत असतात.

पुण्यात २०१८ साली महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे आकारण्याचं धोरण मंजूर केलं. गदारोळ झाला, मोजक्या रस्त्यांवर प्रयोग करू असं ठरलं, आणि धोरण कागदावर रेंगाळलं. मुंबईने २०१९च्या जुलैमध्ये दुसरं टोक गाठलं: सार्वजनिक वाहनतळाच्या ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर ५ हजारांपासून २३ हजारांपर्यंत दंड. मुंबईच्या नियमात एक गोष्ट बरोबर होती. जिथे वाहनतळ आहे तिथेच कडक दंड. म्हणजे ‘करता येत होतं तरी केलं नाही’ असं म्हणता येण्याजोगी परिस्थिती आधी, शिक्षा मागाहून.

पैसे आकारण्यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. डिलिव्हरी करणारा मुलगा, स्कूटरवर कामाला जाणारी नर्स, यांच्यावर हा बोजा पडेल. पडू शकतो, म्हणून दर सगळ्यांना सारखा नसावा. पण गरिबाच्या नावाने हा वाद घालताना आपण सगळ्यात गरीब माणसाला विसरतो. तो पायी चालतो. आंबेडकरनगरातून पहाटे भाजी निवडायला, माल भरायला निघालेल्या बायकांकडे स्कूटर नसते. फुकट पार्किंग ही त्यांच्याकडून गाडीवाल्यांना जाणारी देणगी आहे, आणि ती देताना त्यांना कोणी विचारलेलं नाही. १४ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वापरता येण्याजोगा फूटपाथ हा संविधानाच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. जगण्याचा हक्क एकीकडे आणि पाच मिनिटांची सोय दुसरीकडे असेल, तर तराजू कुठे झुकावा याबद्दल फार वाद नसावा.

पुणेकरांना हे कळत नाही असंही नाही. आपल्या फाटकासमोर कोणी गाडी लावली तर काय बिघडतं, ते आपल्याला चांगलं माहीत असतं. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ ही पाटी त्याच समजेतून आलीय. उभी गाडी काहीतरी हिरावून घेते, हे आपण आपल्या फाटकापुरतं मान्य करतो. चौकाच्या तोंडाला कोणाचं फाटक नसतं, म्हणून तिथे हवा सोडायला कोणी येत नाही.

वीस फूट

मग नेमकं काय करायचं? सगळ्या गाड्या एका दिवसात हटणार नाहीत, आणि हटवा असं माझं म्हणणंही नाही. वर केलेला फरक इथे कामाला येतो. रस्त्याच्या सरळ कडेला कोण किती वेळ लावणार, दिवसा की रात्री, फुकट की पैसे देऊन, यावर वाटाघाटी होऊ शकतात. त्यात टेम्पोवाल्याला रांगेत थांबायला नेमलेली, दिवे असलेली जागा आधी आणि त्याच्यासाठी नो पार्किंग नंतर, हा क्रम हवा. चौकाचं तोंड, वळण आणि फूटपाथ मात्र वाटाघाटीच्या बाहेर. तिथे दमलेलं असणं, घाई असणं, गाडी महाग असणं, काहीच मोजायचं नाही.

हे मागणं फार मोठं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे २० फूट गाडी लावायला बंदी केली, पाटी असो वा नसो. न्यू जर्सीतल्या होबोकेन या दाट वस्तीच्या छोट्या शहराने कोपरे असेच मोकळे केले, जोडीला वेगमर्यादा कमी केली. २०१७पासून पुढे सलग अनेक वर्षं तिथे रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. २० फूट म्हणजे एक मोठी कार आणि वर थोडी जागा. गंगाधाम चौकाच्या किंवा वखार महामंडळ चौकाच्या प्रत्येक तोंडाला एका गाडीची जागा सोडायची, एवढाच याचा अर्थ.

ती एक जागा कोणी सोडायची, यावर आमच्या ग्रुपवर पुन्हा भांडण होईल, आणि होऊ दे. फक्त त्या भांडणात ‘मग गाडी लावायची कुठे?’ याच्याबरोबर दुसराही प्रश्न विचारला जावा: ती गाडी इथे उभी राहते तोवर काळजी कोण घेतंय? ज्याने लावली तो, की जो तिच्यामागून वाकून, थांबून, मुलाचा हात धरून, पलीकडचं दिसतंय का ते बघतोय तो?